ट्रेडमिल वापरताना : चालण्याआधी थांबायला शिका

लिंबायत (सुरत) : लिंबायत, डिंडोली, गोडादरा, उधना या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. कुणी लूमवर, कुणी कापड मार्केटमध्ये, कुणी शिलाई किंवा साडी-घडीच्या कामावर. पहाटे रस्त्यावर फिरायला जायचं तर वाहनं, कुत्री, पावसाळ्यात चिखल आणि बायकांना अंधाराची धास्ती. त्यामुळे जिम लावणारे जसे वाढले, तसे घरी ट्रेडमिल आणणारेही वाढले. कुणी हप्त्यावर नवं घेतं, कुणी ओळखीतून जुनं आणतं. मशीन घरात येतं, प्लग लावला जातो आणि घरातला प्रत्येक जण एकदा चढून बघतो. ते कसं थांबवायचं, हे मात्र बहुतेक वेळा कुणीच सांगत नाही.

ट्रेडमिलवरचे बरेच अपघात फार जोरात धावल्यामुळे होत नाहीत. ते चढताना, उतरताना, मोबाइलकडे बघताना होतात, किंवा घरातलं लहान मूल मागून येतं तेव्हा. त्यातले बरेचसे टाळता येतात आणि त्यासाठी पैसेही फार लागत नाहीत.

माणूस पडतो कसा?

रस्त्यावर चालणारा माणूस थांबला की थांबला, कारण जमीन जागची हलत नाही. ट्रेडमिलवर पायाखालचा पट्टा मोटर ओढते. तुम्ही थांबलात तरी पट्टा थांबत नाही, तो तुम्हाला मागे नेतो.

साधा हिशोब करून बघा. वेग ताशी ६ किलोमीटर, म्हणजे भरभर चालण्याचा. या वेगाने पट्टा एका सेकंदात सुमारे १.६७ मीटर सरकतो. घरगुती मशीनचा चालायचा भाग बहुधा सव्वा मीटरच्या आसपास असतो. मधोमध चालणारा माणूस क्षणभर थबकला, तर मागच्या कडेला पोचायला त्याला अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही. ताशी १० किलोमीटरला तर पाव सेकंद. तेवढ्यात विचार करून बटण दाबणं कुणालाच जमत नाही. म्हणून थांबण्याची सोय आधीच करून ठेवावी लागते.

लूमवर काम केलेल्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. फिरत्या मशीनजवळ लोंबता कपडा नेऊ नये, चालू मशीनमध्ये हात घालू नये, बंद करायची दांडी कुठं आहे ते आधी बघावं, हे कारखान्यात नवख्याला पहिल्याच दिवशी सांगतात. ट्रेडमिल हेही मोटर, पट्टा आणि रोलरचंच मशीन आहे. घरात आलं म्हणून त्याचे नियम बदलत नाहीत.

लाल दोरीची क्लिप

जवळपास प्रत्येक मोटरच्या ट्रेडमिलसोबत एक लहानशी चावी येते, बहुधा लाल रंगाची. तिला दोरी असते आणि दोरीच्या टोकाला चिमटा. हीच सेफ्टी की. चावी मशीनच्या समोरच्या पॅनलवर बसते आणि चिमटा चालणाऱ्याच्या कपड्याला लावायचा असतो. माणूस मागे सरकला किंवा पडला की दोरी ताणली जाते, चावी निघते आणि मोटरचा पुरवठा तुटतो.

घराघरांत दिसतं ते असं : चावी पॅनलवर कायमची बसवलेली आणि चिमटा हँडलला अडकवून ठेवलेला. अशी चावी काहीच कामाची नाही.

- चिमटा कमरेजवळ किंवा छातीजवळ, घट्ट बसलेल्या कपड्याला लावावा. ओढणी, पदर, गमछा किंवा सैल खिशाला नको.
- दोरी इतकीच मोकळी असावी की माणूस साधारण अर्धा मीटर मागे गेला की चावी निघेल. फार लांब दोरी असेल तर चावी निघेपर्यंत माणूस खाली पडलेला असतो.
- आठवड्यातून एकदा तपासावं. दोन्ही पाय कडांवर ठेवून मशीन सगळ्यात कमी वेगाला सुरू करावं आणि दोरी ओढावी. पट्टा थांबला नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत ते मशीन वापरू नये.
- चावी हरवली म्हणून लोहचुंबक किंवा तार लावून मशीन चालवू नये. कंपनीकडून किंवा दुरुस्तीवाल्याकडून दुसरी मागवावी.

मशीन ठेवायचं कुठं?

लिंबायतच्या रो-हाउसमध्ये किंवा दोन खोल्यांच्या घरात जागेचाच प्रश्न असतो. म्हणून मशीन बहुधा भिंतीला पाठ करून, कपाट आणि पलंगाच्या मधे बसवलं जातं. नेमकी हीच मांडणी सगळ्यात धोक्याची.

माणूस पडला की मागे फेकला जातो. मागे भिंत किंवा कपाट असेल तर तो भिंत आणि चालत्या पट्ट्याच्या मधे अडकतो. पट्टा फिरतच राहतो आणि कातडी घासून निघते. म्हणून मशीनच्या मागे निदान २ मीटर, म्हणजे साधारण साडेसहा फूट जागा मोकळी असावी. दोन्ही बाजूंना अर्धा मीटर, म्हणजे पावणेदोन फूट. एवढी जागा घरात निघत नसेल, तर खरं सांगायचं तर त्या घरात ट्रेडमिल आणू नये. त्यापेक्षा महापालिकेच्या बागेत किंवा सोसायटीच्या आवारात चालणं बरं.

मशीनचं तोंड भिंतीकडे आणि मागची बाजू दाराकडे असेल, तर आणखी एक अडचण येते. चालणाऱ्याला मागून कोण आलं ते दिसत नाही. शक्य असेल तर मशीन असं ठेवावं की खोलीत येणारा माणूस चालणाऱ्याच्या नजरेत राहील.

फरशी सपाट हवी. टाइल्सवर जाड रबरी मॅट टाकली की मशीन सरकत नाही आणि खालच्या मजल्यावर आवाजही कमी जातो. मशीन डुगडुगत असेल तर खाली पुठ्ठा किंवा वीट घालू नये. त्याच्या पायांना फिरवून उंची कमी-जास्त करायची सोय असते, ती वापरावी. गॅलरीत किंवा गच्चीवरच्या पत्र्याखाली मशीन ठेवू नये, कारण सुरतच्या पावसात ते ओलं होणारच.

वीज : इथं हलगर्जी जिवावर बेतते

जुलै २०२३ मध्ये दिल्लीच्या रोहिणी भागातल्या एका जिममध्ये ट्रेडमिलवर व्यायाम करताना विजेचा धक्का बसून २४ वर्षांच्या तरुणाचा जीव गेला. घामाने ओलं अंग, हातात लोखंडी हँडल आणि मशीनच्या सांगाड्यात उतरलेला करंट हे तिन्ही एकत्र आले, तर सावरायला वेळ मिळत नाही.

- मशीनला अर्थिंग असलेला, मोठा तीन पिनांचा १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट द्यावा. तिसरी पिन तोडून किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून मशीन चालवू नये.
- एक्स्टेंशन बोर्ड नको. त्याच बोर्डावर फ्रिज, इस्त्री किंवा शिलाई मशीन तर नकोच. तार तापते, प्लग वितळतो.
- घरात अर्थिंग खरोखर आहे का, हे वायरमनकडून टेस्टरने नाही तर मीटरने तपासून घ्यावं. जुन्या घरांत तिसऱ्या भोकात वायर जोडलेलीच नसते, असं पुष्कळदा निघतं.
- मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. करंट गळायला लागला की तो क्षणात वीज तोडतो. साधा एमसीबी हे काम करत नाही. तो तार जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही.
- हँडलला हात लावल्यावर किंचितही झिणझिण्या आल्या तर लगेच मशीन सोडावं, भिंतीवरचा स्विच बंद करावा आणि वायरमन येईपर्यंत प्लग काढून ठेवावा. “थोडासा करंट मारतो, चालतं” असं म्हणू नये.

वीज अचानक गेली तर पट्टाही अचानक थांबतो आणि चालणारा पुढे झुकतो. अशा वेळी हँडल धरावं, कडेवर यावं, चावी काढावी आणि स्विच बंद करावा. लाइट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून, कमी वेगाने सुरू करावं.

कपडे आणि पायातलं

आपल्या घरांत काकू, मामी, आई साडीवरच आणि अनवाणी मशीनवर चढतात. स्वयंपाक उरकला की तेवढ्यात वीस मिनिटं, असा तो हिशोब असतो. पण साडीच्या निऱ्या आणि पदर पट्ट्याच्या मागच्या रोलरमध्ये ओढले जाऊ शकतात, पाय निऱ्यांत अडकून तोल जाऊ शकतो. पदर खोचला तरी निऱ्यांचा धोका राहतोच. सलवार-कुर्ता घालावा, ओढणी काढून ठेवावी, पायघोळ सलवारचे पाय वर दुमडावेत. घरातल्या मोठ्यांनी “बरं दिसत नाही” म्हणून बाईला साडीवरच मशीनवर चढायला लावू नये. लांब केस बांधावेत, नाडी आत खोचावी.

अनवाणी चालू नये. पट्टा घासून तापतो, तळव्याला फोड येतात, आणि मधुमेह असलेल्याला ते कळतही नाही. चप्पल, सँडल तर मुळीच नको. घट्ट लेसचे, टाच धरणारे, तळ न झिजलेले बूट हवेत. महागडे असायची गरज नाही. बाहेरून आलेले चिखलाचे बूट मशीनवर वापरू नयेत. माती पट्ट्याखाली जाते आणि पट्टा सरकायला लागतो.

चढण्या-उतरण्याची पद्धत

१. मशीन बंद असताना चढावं. दोन्ही पाय पट्ट्यावर नव्हे, तर बाजूच्या न हलणाऱ्या कडांवर ठेवावेत.
२. चिमटा कपड्याला लावावा. स्टॉपचं बटण कुठं आहे ते डोळ्यांनी बघून घ्यावं.
३. सगळ्यात कमी वेगाने मशीन सुरू करावं. हँडल धरून एक पाय पट्ट्यावर टाकून वेग जोखावा, मग दुसरा पाय टाकावा.
४. नजर समोर ठेवावी. पायांकडे बघत चाललं की तोल जातो. पट्ट्याच्या पुढच्या अर्ध्या भागात राहावं, पण पॅनलला चिकटू नये.
५. उतरताना आधी वेग कमी करत आणावा, तीन ते पाच मिनिटं हळू चालावं. पट्टा पूर्ण थांबल्यावर कडेवर यावं आणि मग खाली उतरावं.
६. चावी काढावी, स्विच बंद करावा.

फोन वाजला, पाण्याची बाटली पडली, कुणी हाक मारली, तर चालत्या पट्ट्यावरून मागे वळून बघू नये. आधी हँडल धरून कडेवर यावं. चालू पट्ट्यावरून उडी मारून उतरणं ही तर पडायची हमखास वाट. मोबाइलवर रील बघत चालणं टाळावं. गाणी ऐकायचीच असतील तर आवाज हळू ठेवावा आणि लोंबत्या तारेचे इयरफोन वापरू नयेत.

उतरल्यावर क्षणभर जमीन हलल्यासारखी वाटते. डोळ्यांना आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला जमायला थोडा वेळ लागतो. एकदम थांबलं तर पायांत साचलेलं रक्त वर चढायला वेळ लागतो आणि चक्कर येते. म्हणून शेवटची हळू चालायची मिनिटं चुकवू नयेत.

वेग, चढ आणि पाळी

“बारा तास तर मशीनवर उभेच असतो, अजून काय व्यायाम करायचा?” असं लूमवाले विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण उभं राहणं आणि चालणं वेगळं. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि रक्त वर ढकलतात. तासन् तास एका जागी उभं राहिलं की हे काम मंदावतं, पाय सुजतात, पोटरीच्या शिरा फुगतात. म्हणून चालण्याचा फायदा त्यांनाही आहे. पण कधी चालायचं, हे बघावं लागतं. रात्रपाळी करून, झोप न घेता, रिकाम्या पोटी थेट ट्रेडमिलवर चढू नये. थकलेल्या माणसाचा पाय अडखळतो आणि सावरायला उशीर होतो. आधी झोप, मग चालणं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवला आहे. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चाललं तरी किमान गाठता येतं. नव्याने सुरू करणाऱ्याने मात्र पहिल्या दिवशी अर्धा तास करायची घाई करू नये.

- पहिले पाच मिनिटं ताशी ३ ते ४ किलोमीटर.
- नंतर जमेल तसं ताशी ५ ते ६ पर्यंत. सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत, आठवड्या-आठवड्याने वाढवावीत.
- वेग आणि चढ एकाच दिवशी वाढवू नयेत. आज वेग वाढवला तर चढ तोच ठेवावा.
- चढ वाढवून हँडलला लोंबकळत चालू नये. पाठ आणि खांदे दुखतात आणि व्यायामही अर्धाच होतो. हँडल न धरता चालता येत नसेल, तर वेग किंवा चढ जास्त आहे असं समजावं.
- ज्यांचा तोल जातो अशा वयस्करांनी मात्र हँडल धरूनच, कमी वेगाने चालावं आणि घरातलं कुणी जवळ असावं.

किती जोर लावायचा याची सोपी खूण बोलण्याची आहे. चालताना दोन वाक्यं बोलता यावीत, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत धाप मध्यम व्यायामाची. एक शब्द बोलायलाही दम लागत असेल तर वेग कमी करावा. हँडलवर दिसणारा नाडीचा आकडा पुष्कळदा चुकतो. बीपीच्या काही गोळ्यांमुळे नाडी वाढतच नाही, म्हणून फक्त आकड्यावर जाऊ नये.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट. रस्त्यावर चालताना अंगाला वारा लागतो, घाम सुकतो. ट्रेडमिलवर माणूस जागेवरच असतो, त्यामुळे वारा लागत नाही. सुरतच्या दमट हवेत बंद खोलीत अंग लवकर तापतं. खिडकी उघडी हवी, समोर पंखा हवा, पाणी हाताशी हवं.

गुडघा, घोटा किंवा नडगीत टोचून दुखत असेल तर “चालून मोकळं होईल” म्हणत ओढू नये. दोन-तीन दिवस विश्रांती घ्यावी. सूज असेल, पाय टेकवत नसेल किंवा दुखणं आठवड्याभरात कमी झालं नाही, तर डॉक्टरांना दाखवावं.

लहान मुलं : सगळ्यात मोठी काळजी

लहान मुलाला फिरता पट्टा खेळण्यासारखा दिसतो. तो मागून हात लावतो आणि बोटं पट्ट्याखाली ओढली जातात. पट्टा घासून झालेली जखम वरून लहान दिसली तरी खोल असू शकते. कधी कातडी बसवायची शस्त्रक्रिया करावी लागते, बोटं आखडतात.

अमेरिकेत मे २०२१ मध्ये पेलोटन कंपनीला आपलं ‘ट्रेड प्लस’ हे मशीन परत मागवावं लागलं. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाकडे या मशीनखाली माणसं, पाळीव प्राणी किंवा वस्तू ओढल्या गेल्याच्या ७० हून अधिक तक्रारी आल्या होत्या आणि सहा वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला होता. मुष्टियोद्धा माइक टायसन यांची चार वर्षांची मुलगी मे २००९ मध्ये घरातल्या ट्रेडमिलला लटकणाऱ्या दोरीत मान अडकून गेली. तेव्हा मशीन कुणी वापरत नव्हतं. म्हणजे बंद मशीनचीही काळजी घ्यावीच लागते.

- चालून झालं की सेफ्टी की काढून मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवावी. दोरी मशीनला लटकत ठेवू नये.
- प्लग काढावा. फक्त बटण बंद करून भागत नाही.
- मशीन चालू असताना मूल त्या खोलीत नको. खोली एकच असेल तर मूल शाळेत असताना किंवा झोपलेलं असताना नाही, तर दुसरं कुणी मोठं माणूस त्याला बाहेर सांभाळत असताना चालावं. झोपलेलं मूल केव्हा उठून येईल याचा भरवसा नसतो.
- घडी घालून उभं करायचं मशीन असेल तर त्याची खिट्टी नीट बसली का ते रोज बघावं. ५०-६० किलोचं मशीन मुलावर कोसळू शकतं.
- मशीनवर कपडे वाळत घालू नयेत, मुलांना त्यावर चढून खेळू देऊ नये.

आधी डॉक्टरांना कुणी विचारावं?

विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव १० ऑगस्ट २०२२ रोजी दिल्लीत जिममध्ये ट्रेडमिलवर व्यायाम करताना कोसळले. एम्समध्ये महिन्याहून अधिक काळ उपचार झाले, पण २१ सप्टेंबरला ते गेले. अशी बातमी आली की लोक व्यायामालाच घाबरतात. तसं करू नये. नियमित चालणं हृदयाच्या फायद्याचंच. पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आधीपासून अडथळा असेल, तर तो एकाएकी लावलेल्या जोरात बाहेर येऊ शकतो.

मधुमेह, उच्च रक्तदाब, आधी झालेला हृदयविकार, चालताना छातीत भरून येणं, घरात कमी वयात हृदयविकाराने गेलेलं माणूस, तंबाखू-विडीची जुनी सवय, किंवा चाळिशी उलटलेली आणि वर्षानुवर्षं व्यायाम नाही, यातलं काहीही असेल तर जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. गरोदर बाईनेही विचारूनच चालावं. लिंबायतकरांना उमरवाड्याचं महापालिकेचं स्मीमेर रुग्णालय आणि मजुरा गेटचं नवी सिव्हिल ही दोन सरकारी ठिकाणं जवळ आहेत.

डॉक्टर कधी टीएमटी करायला सांगतात. ती तपासणीही ट्रेडमिलवरच होते. ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढवतात. पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, दुसरा ४ किलोमीटर आणि १२ टक्के. पण तिथं छातीला ईसीजीच्या तारा असतात, बीपी मोजत राहतात, डॉक्टर समोर उभे असतात. “बघू, आपलं हृदय किती दमदार आहे” म्हणून घरी किंवा जिममध्ये तसं करून बघू नये.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालू नये आणि जवळ साखर किंवा ग्लुकोजचं पाकीट ठेवावं. हात कापणं, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच थांबावं. चालून झाल्यावर तळपाय रोज डोळ्यांनी तपासावेत.

जिममध्ये जाणाऱ्यांनी

पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. सेफ्टी की प्रत्येक मशीनला आहे का? मशीनच्या मागे मोकळी जागा आहे का, की लगेच दुसरं मशीन किंवा आरसा आहे? छाती दाबून जीव वाचवायचं प्रशिक्षण कुणी घेतलं आहे का? आणि बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठं आहे? हा शेवटचा प्रश्न सुरतकरांनी तरी विसरू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये शहरातच सिटी लाइट भागात जिम आणि स्पा असलेल्या इमारतीला आग लागून दोन महिलांचा मृत्यू झाला.

पोरांनी मित्राच्या पैजेवर वेग वाढवू नये. चालत्या माणसाच्या मशीनचं बटण दुसऱ्याने गमतीने दाबणं म्हणजे त्याला जिन्यावरून ढकलण्यासारखंच.

जुनं मशीन घेताना आणि सांभाळताना

जुनं मशीन घरी आणण्याआधी विक्रेत्याकडेच पंधरा मिनिटं चालवून बघावं. पट्ट्याच्या कडा फाटलेल्या, मधे झटका, जळका वास, सोललेली तार, गायब झालेली सेफ्टी की, यातलं काही दिसलं तर स्वस्त असलं तरी सोडून द्यावं. मशीनवर किती वजनापर्यंतची परवानगी लिहिली आहे ते वाचावं. घरातल्या सगळ्यात जड माणसाचं वजन त्याहून बरंच कमी हवं.

पट्ट्याखाली कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन तेलच घालावं. खोबरेल तेल, लूमचं तेल किंवा ग्रीस घालू नये, पट्टा घसरायला लागतो. पट्टा एका बाजूला सरकत असेल तर मागच्या बोल्टला एका वेळी पाव फेरा द्यावा, जास्त नाही. सफाई, तेल किंवा कव्हर उघडणं, काहीही करण्याआधी प्लग काढावा.

अपघात झालाच तर

- हात किंवा कपडा अडकला : दोरी ओढून मशीन थांबवावं, प्लग काढावा. हात जोरात ओढू नये. पट्टा हाताने उलटा फिरवून सोडवावा. निघत नसेल तर १०८ ला फोन करावा.
- पट्ट्याने कातडी भाजली : वीस मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरावं. अंगठी, बांगडी लगेच काढावी. हळद, तूप, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नये. स्वच्छ कपडा सैल गुंडाळून दवाखान्यात न्यावं. मुलाच्या हाताला लागलं असेल तर जखम लहान दिसली तरी न्यावंच.
- डोक्याला मार : शुद्ध हरपली, उलटी झाली, गुंगी आली किंवा माणूस रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल, तर घरी वाट बघू नये.
- विजेचा धक्का : माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा.
- छातीत दडपण, जबडा किंवा हाताकडे जाणारी कळ, थंड घाम : मशीन थांबवून बसवावं, १०८ ला बोलवावं. “गॅस असेल” म्हणून सोडा पाजत बसू नये.
- माणूस कोसळला आणि नीट श्वास घेत नाही : एकाने १०८ लावावा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावं. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. मदत येईपर्यंत थांबू नये.

१०८ हा नंबर गुजरात आणि महाराष्ट्र दोन्हीकडे चालतो. गावाकडे आई-वडिलांसाठी कुणी मशीन घेऊन दिलं असेल, तर त्यांच्या भिंतीवरही तो मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

मशीनजवळ चिकटवायची पट्टी

चिमटा कपड्याला. मागे साडेसहा फूट मोकळं. मूल खोलीबाहेर. पायात बूट. सुरुवात कडेवरून, कमी वेगाने. उतरणं पट्टा थांबल्यावरच. चावी वर, प्लग बाहेर. अडचण आली तर १०८.